साठीनंतर वजन अडलं, आता काटा बदलायचा का? चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यांचं परीक्षण

साठीच्या आसपास वजन कमी करायला घेतलं की पहिले पाच-सहा किलो बऱ्यापैकी जातात आणि मग काटा हलायचं नाव घेत नाही. नेमक्या याच टप्प्यावर घरात नवा काटा येतो. वर काच, पायाखाली धातूच्या चार पट्ट्या, मोबाइलमध्ये ॲप. जुना काटा फक्त वजन सांगायचा. हा चरबी, स्नायू, पाणी, हाडं, पोटातली चरबी आणि वर 'शरीराचं वय'सुद्धा सांगतो. अडलेल्या वजनाच्या माणसाला यातलं कामाला काय येतं, एवढाच प्रश्न आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रोजचं वजन आपोआप नोंदवून त्याची आठवड्याची सरासरी दाखवणारा काटा म्हणून ही वस्तू चांगली आहे. चरबीचा आकडा महिन्यातून एकदा, तोही हातचं राखून पाहावा. बाकीचे दहा आकडे ॲपमधून लपवता येत असतील तर लपवावेत.

एक गोष्ट मात्र विकत घ्यायच्या आधीच. छातीत पेसमेकर किंवा हृदयाचे ठोके सांभाळणारं दुसरं कुठलंही यंत्र बसवलेलं असेल, तर शरीरातून विद्युतप्रवाह सोडणारा काटा वापरायचा नाही. काही काट्यांत 'फक्त वजन' अशी सोय असते आणि ती सुरू केली की प्रवाह बंद होतो. पण घरातल्या दुसऱ्या कुणी ती सेटिंग बदलली तर कळणारही नाही. अशा घरात साधा डिजिटल काटाच बरा. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल तर धोका नाही, पण धातूतून प्रवाह सहज जातो, म्हणून चरबीचा आकडा भरवशाचा राहत नाही.

काट्याला काय दिसतं

काट्यावर अनवाणी उभं राहिलं की प्रत्येक तळव्याखाली दोन पट्ट्या येतात. एकीतून अगदी क्षीण प्रवाह अंगात जातो, दुसरीवर व्होल्टेज मोजलं जातं. प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी आणि वारंवारिता बहुतेक यंत्रांत ५० किलोहर्ट्झ, त्यामुळे काही जाणवत नाही. पाणी आणि क्षार जिथे जास्त तिथून प्रवाह सहज जातो. स्नायूंत साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं, चरबीत फारच थोडं. म्हणजे काट्याने खरोखर मोजलेल्या गोष्टी दोनच, वजन आणि शरीराचा विद्युतविरोध. उरलेलं सगळं सूत्रातून येतं. त्या सूत्रात उंची, वय, लिंग आणि वजन घातलेलं असतं आणि चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरलेलं असतं.

प्रवाह एका पायातून वर चढतो, ओटीपोटातून वळतो आणि दुसऱ्या पायाने खाली उतरतो. हात, छाती आणि पोटाचा वरचा भाग त्याच्या वाटेत येतच नाहीत. त्या भागांचे आकडे पायांवरून बांधलेला अंदाज असतो. उतारवयात पाय बारीक आणि पोट पुढे अशी ठेवण पुष्कळांची होते, त्यांच्या बाबतीत हा अंदाज जास्तच चुकतो. वाढलेली चरबी पोटावर, आणि काटा मोजतोय पिंढऱ्या!

सूत्र किती बोलतं हे पाहायचं असेल तर एक गंमत करून बघा. वजन करा, चरबीचा आकडा लिहून ठेवा. ॲपमध्ये जाऊन वय वीस वर्षांनी कमी करा आणि दोन मिनिटांत पुन्हा उभे राहा. बहुतेक काट्यांवर चरबी काही टक्क्यांनी उतरलेली दिसेल. अंगातलं तसूभरही हललेलं नसतं. (नंतर वय परत पूर्ववत करायला विसरू नका.)

याहून घातक चूक उंचीची. उंची विचारली की माणूस विशी-तिशीतली पाठ असलेली उंची टाकतो. साठी-सत्तरीपर्यंत मणके दबतात, पाठ थोडी वाकते आणि तीन-चार सेंटिमीटर सहज गेलेले असतात. सूत्रात उंचीचा वर्ग असतो, म्हणून १५८ ऐवजी खरी उंची १५४ असेल तर त्या पदात पाच टक्के फरक पडतो आणि किलो-दीड किलो स्नायू निव्वळ कागदावर इकडचे तिकडे होतात. तेव्हा आधी भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, डोक्यावर आडवं पुस्तक धरून उंची नव्याने मोजा. आणि ॲपमध्ये 'खेळाडू' नावाचा पर्याय असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. रोज तासभर चालणं म्हणजे ती श्रेणी नव्हे. तो पर्याय चालू केला की चरबी एकदम कमी दिसते आणि माणूस उगाच खूश होतो.

हाडांचा आकडाही असाच. तो चरबीविरहित वजनावरून काढलेला असतो, हाडांपर्यंत कुणी पोचलेलं नसतं. हाडं ठिसूळ झालीत का ते कळायला डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता आणि अंगातली चरबी मोजणारी) तपासणीच लागते. 'शरीराचं वय' या आकड्याबद्दल लिहायला जागा खर्च करत नाही.

वजन खरंच अडलंय का

उदाहरण घेऊ. बाई ६६ वर्षांच्या, उंची १५८ सेंमी, वजन ७८ वरून ७१ किलोवर आलेलं. विश्रांतीतला खर्च काढायचं मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र आहारतज्ज्ञ अजूनही वापरतात. स्त्रियांसाठी ते असं: वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. या हिशेबाने ७८ किलोला १,२७६ आणि ७१ किलोला १,२०६ कॅलरी येतात. दिवसभराची हालचाल धरून १.४ ने गुणलं तर १,७८७ आणि १,६८९. म्हणजे सात किलो कमी झाल्यावर तेच शरीर चालवायला दिवसाला सुमारे १०० कॅलरी कमी पुरतात. बाई पहिल्या दिवसापासून १,५०० वर आहेत असं धरलं, तर सुरुवातीची २८७ ची तूट आता १८९ वर आली. आहार तोच, पण त्याचा परिणाम एक-तृतीयांशाने घटला.

ही झाली सूत्रातली तूट. प्रत्यक्षात ती आणखी कमी निघते. कमी खाणारं शरीर नकळत हालचाल आवरतं. माणूस उठायच्या जागी बसून राहतो, उभ्याने करायची कामं बसून करतो. वजन उतरलं की भूकही वाढते आणि हात सैल सुटतो. वयाचा भाग आहेच, पण तो वाटतो तेवढा अचानक येत नाही. 'सायन्स' नियतकालिकात २०२१ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर आढळला. त्यानंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने घटत गेला. पन्नाशीतच 'चयापचय मंदावलं' म्हणणाऱ्यांचे बरेचदा स्नायू आणि हालचाल कमी झालेली असते.

आता ही १८९ कॅलरींची तूट काट्यावर कशी दिसते ते बघू. एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे आठवड्याला १७० ग्रॅम. आणि पाणी, मीठ, पोट साफ होणं न होणं यांमुळे वजन एका दिवसात किलोभर वर-खाली होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे एखाद्या दिवशी गोडाधोडाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशीचा काटा भलतंच सांगतो. या चढउतारात १७० ग्रॅम कुठे सापडणार?

अशा माणसाची सोमवार ते रविवार वजनं समजा ७१.६, ७१.२, ७१.९, ७२.३, ७१.८, ७१.४, ७१.३ अशी आहेत. सरासरी ७१.६४. चौथ्या आठवड्यात ७१.५, ७०.८, ७०.६, ७१.१, ७१.७, ७१.०, ७०.७. सरासरी ७१.०६. दर सोमवारी वजन करणाऱ्याला ७१.६ आणि ७१.५ दिसतं, म्हणजे महिना फुकट. सरासरी बघणाऱ्याला तीन आठवड्यांत जवळजवळ ६०० ग्रॅम गेलेले दिसतात. वजन उतरतच होतं, पाहायची रीत चुकली होती.

म्हणून आमच्या लेखी 'अडलं' म्हणायची अट एकच. लागोपाठ चार आठवड्यांच्या सरासऱ्या पाव किलोच्या आत असतील आणि कंबरही हलली नसेल, तर वजन अडलं. त्याआधी आहाराला हात लावू नये. या काट्यांचा खरा उपयोग इथे होतो. रोजची नोंद वहीत करायचा कंटाळा येतो, काटा ती स्वतः करतो. मात्र सगळी ॲप सरासरीची रेघ काढत नाहीत, नुसते ठिपके जोडून दातेरी आलेख दाखवतात. तुमचं ॲप तसं असेल तर सात आकड्यांची बेरीज भागिले सात, एवढं आठवड्यातून एकदा करावं लागेल.

उभं कसं राहायचं

सकाळी उठून लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. बिछान्यातून उठल्या उठल्या काट्यावर चढू नका. रात्रभर आडवं असताना अंगभर पसरलेलं पाणी उभं राहिल्यावर पायांत उतरतं आणि पहिल्या काही मिनिटांत विद्युतविरोध बदलत राहतो. दहा-पंधरा मिनिटं घरात वावरून मग वजन करा आणि हे अंतर रोज सारखं ठेवा.

तळवे कोरडे, टाचा भेगाळलेल्या असतील तर पट्ट्यांना नीट संपर्क होत नाही. मग वजन येतं पण चरबीच्या जागी नुसत्या रेघा, किंवा भलताच आकडा. ओल्या फडक्यावर पाय टेकवून, जास्तीचं पाणी टिपून उभं राहा. रात्री टाचांना मलम लावून झोपत असाल तर सकाळी ते पुसणं आलंच. दोन्ही मांड्या एकमेकींना चिकटत असतील तर प्रवाह ओटीपोटापर्यंत न जाता मधूनच पलीकडे जातो. पाय थोडे फाकवा किंवा मध्ये पातळ सुती कापड राहू द्या.

काटा कडक, सपाट जमिनीवर हवा. सतरंजी, गालिचा, रबरी मॅट यांवर तो हमखास चुकतो, कारण पायांत बसवलेल्या चार सेन्सरवर भार सरळ पडत नाही. फरशीच्या सांध्यावर एक पाय आला तरी फरक पडतो. जागा एकदा ठरली की खडूने खूण करा. काटा उचलून हलवला असेल तर आधी पायाने दाबून जागा करा, शून्य येऊ द्या, मग चढा. पहिलं वजन सोडून द्यायचं.

तोल जाण्याची भीती असेल तर काटा भिंतीजवळ ठेवा. पण भिंतीला हाताने नुसतं स्पर्श करणं वेगळं आणि रेलणं वेगळं. रेललात की अर्धा-एक किलो भिंत घेते. चढताना-उतरताना आधार घ्या, आकडा ठरताना दोन बोटांचा स्पर्श तेवढा राहू द्या. ओल्या तळव्यांनी गुळगुळीत काचेवर चढणं हेच या वस्तूतलं सगळ्यात धोकादायक काम आहे. काचेवर खरखरीत पट्टे असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

आकडा फसवतो तेव्हा

लघवीची गोळी सुरू असलेल्यांना हा काटा उलटसुलट सांगतो. गोळीने पाणी गेलं, वजन उतरलं, पण अंगातलं पाणी घटल्यामुळे विरोध वाढला. काटा म्हणतो, चरबी वाढली. याउलट पायांवर सूज असेल तर प्रवाह सहज जातो आणि काटा शाबासकी देतो की स्नायू वाढले. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी घोट्यांवर सूज येते, तिथे हेच होतं. म्हणून सूज असणाऱ्यांनी चरबीचा आकडा पूर्ण सोडून द्यावा. हृदयाचा आजार असलेल्यांच्या बाबतीत मात्र साध्या वजनाचा आकडा फार मोलाचा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर ती चरबी नव्हे, पाणी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

व्यायामाची सुरुवात हा दुसरा सापळा. ताकदीचे व्यायाम नव्याने सुरू केले की पहिले दोन-तीन आठवडे स्नायू पाणी धरून ठेवतात आणि वजन अर्धा-एक किलो चढतं. बहुतेक लोक व्यायाम नेमका इथेच सोडतात.

मग चरबीचा आकडा वापरायचाच नाही का? वापरा, पण असा: महिन्यातल्या एका आठवड्याच्या सात दिवसांची सरासरी घ्या, पुढच्या महिन्यातल्या तशाच सरासरीशी ताडून बघा आणि दोन टक्क्यांच्या आतल्या फरकाकडे दुर्लक्ष करा. आकडा मुळात खरा आहे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. डेक्साच्या तुलनेत एखाद्या माणसाच्या बाबतीत चार-पाच टक्क्यांची चूक या काट्यांत अगदी सहज असते. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडणं तर निरर्थकच.

काट्यासोबत आणखी दोन साधनं ठेवावीत अशी आमची शिफारस आहे, शिंप्याची टेप आणि हात नसलेली पक्की खुर्ची. कंबर मोजायची जागा सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये. श्वास सहज सोडून, पोट न खेचता. दोनदा मोजा, फरक एक सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. आठवड्यातून एकदा पुरे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, घड्याळ लावून. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषांत बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायूंची कार्यक्षमता कमी धरतात. युरोपीय निकषात ही मर्यादा पंधरा सेकंदांची आहे. स्नायू टिकलेत का हे काचेवरच्या टक्केवारीपेक्षा ही खुर्ची जास्त खरं सांगते.

आता चार आठवड्यांनी चित्र असं असू शकतं. वजन तेवढंच पण कंबर दोन सेंटिमीटर आत आली आणि खुर्चीची वेळ सुधारली, तर काही बदलू नका, उत्तम चाललंय. वजन उतरतंय पण खुर्चीवरून उठायला वेळ जास्त लागायला लागला, तर तो सर्वांत वाईट प्रकार. काट्याचा आलेख सुंदर दिसतो आणि आतून स्नायू जात असतात. प्रयत्न न करताच सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन गेलं, तर खूश न होता तपासणी करून घ्यायची. आणि वजन, कंबर, खुर्ची तिन्ही जागच्या जागी असतील, तर वजन खरोखर अडलेलं आहे.

खरंच अडलं असेल तर

ॲप इथे ठरावीक सल्ला देतं: कॅलरी आणखी कमी करा. तो आम्हाला पटत नाही. साठीनंतर आधीच कमी असलेला आहार आणखी कापला की प्रथिनं कापली जातात. आधी सात दिवस खाणं तोलून लिहा, अंदाजाने नको. तेल हे ठरलेलं गुन्हेगार. पाच मिलिलिटरच्या चमच्यात सुमारे ४० कॅलरी असतात, आणि बाटलीतून थेट ओतताना तीन चमचे जास्त पडले हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वरच्या उदाहरणातली उरलीसुरली तूट तेवढ्यातच निम्म्याहून जास्त संपते. मनगटी पट्ट्याने 'आज चालून ३०० कॅलरी जाळल्या' सांगितलं म्हणून तेवढं जास्त खाल्लं तर उरलेली तूटही जाते, कारण हे पट्टे कॅलरीच्या बाबतीत फार सैल असतात.

प्रथिनं निरोगी ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, आणि ती एकाच जेवणात कोंबायची नाहीत. प्रत्येक मुख्य जेवणात २५ ते ३० ग्रॅमचं लक्ष्य ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा, पावडरच्या डब्यावरच्या मजकुराने नाही.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस: खुर्चीवरून उठणं, भिंतीवर हात टेकून दंड, टाचा उचलणं, रबरी पट्टा मागे खेचणं. प्रत्येकाचे दोन-तीन संच, प्रत्येकी ८ ते १२ वेळा, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमायला लागले की भार वाढवा. नुसतं चालणं पुरेल का, यावर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१७ साली आलेली एक चाचणी बोलकी आहे. लठ्ठ ज्येष्ठांच्या तिन्ही व्यायाम गटांत वजन सुमारे ९ टक्के उतरलं. पण फक्त चालण्या-पळण्याच्या प्रकारचा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्क्यांनी गेलं, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं २ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्क्यांनी. काट्यावर तिघांचं वजन सारखंच दिसलं असतं.

औषधांची यादीही एकदा डॉक्टरांसमोर ठेवा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, स्टिरॉइड, प्रीगाबालिन, मिर्टाझापिन यांच्याने वजन चढतं किंवा अडतं. काही बीटा ब्लॉकरही (रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या एका प्रकारच्या गोळ्या) त्यातलेच. पर्याय असतो की नाही ते डॉक्टरच सांगतील. मनाने गोळी बंद करणं यात बसत नाही. थायरॉइड तपासून वर्ष झालं असेल तर तेही करून घ्या.

एवढं करूनही तूट हवी असेल तर १०० ते १५० कॅलरींनीच कमी करा, किंवा रोजच्या पावलांत दीड-दोन हजारांची भर घाला, आणि पुन्हा चार आठवडे थांबा. सुरुवातीच्या वजनाच्या पाच-सात टक्के कमी करून तिथेच दोन-तीन महिने टिकून राहणं हाही पर्याय आहे. दुर्दैवाने एकही ॲप त्याला हिरवा रंग देत नाही.

घेताना बघायचं ते

आकडे मोठे हवेत. किमान अडीच-तीन सेंटिमीटर उंचीचे, मागून उजेड असलेले. चष्म्याशिवाय, उभ्याने खाली बघून वाचता आले पाहिजेत. बोलून आकडा सांगणारे काटे मिळतात, नजर कमी असलेल्यांना ते सोयीचे. चौकट ३० सेंमीपेक्षा लहान नको, पाय कडेला येतात आणि काटा एका बाजूला कलतो.

हातात धरायची दांडी असलेला, आठ पट्ट्यांचा काटा घ्यावा का? त्यात हात आणि धड खरोखर मोजले जातात, म्हणून आकडे थोडे जास्त विश्वासार्ह. पण दांडी धरून हात सरळ, अंगापासून दूर ठेवावे लागतात. खांदा आखडलेला किंवा बोटं संधिवाताने वाकडी झालेली असतील तर ते जमत नाही आणि मग जास्तीचे पैसे वाया. बहुतेकांनी चार पट्ट्यांचाच घ्यावा.

नवरा-बायकोची वजनं दोन-तीन किलोंच्या आत असतील तर सावध. काटा माणूस वजनावरून ओळखतो, त्यामुळे तिचं वजन त्याच्या खात्यात जातं, पुरुषाच्या सूत्रातून चरबी निघते आणि दोघांचेही आलेख बिघडतात. चढण्याआधी नाव निवडता येणारं, किंवा चुकलेली नोंद एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येणारं मॉडेल घ्या.

ब्लूटूथच्या काट्याला वजन करताना फोन जवळ आणि बरेचदा ॲप उघडं लागतं. सकाळी बाथरूमबाहेर फोन नेणं रोज होत नाही. काही काटे मधल्या नोंदी स्वतःजवळ साठवतात, ते चालतील. वायफायचा काटा सगळ्यात सुटसुटीत, पण यातले बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर जोडणी वारंवार फसते. जोडताना ५ गिगाहर्ट्झ तात्पुरता बंद करा. नोंदी फाइल करून बाहेर काढता येतात का तेही बघा, नाहीतर ॲप बंद पडलं की दोन वर्षांचा आलेख गेला. बॅटरी १.५ व्होल्टची अल्कलाइन घाला. पुन्हा चार्ज होणाऱ्या १.२ व्होल्टच्या असतात, काही काटे त्यांवर पहिल्या दिवसापासून 'बॅटरी कमी' ओरडतात.

परत करायची मुदत संपायच्या आत दोन चाचण्या कराच. पहिली: झाकण असलेल्या बादलीत दहा लिटर पाणी भरून ती काट्याच्या मधोमध ठेवा, मग चारही कोपऱ्यांकडे सरकवून बघा. फरक २०० ग्रॅमपेक्षा जास्त आला तर काटा परत. दुसरी जास्त महत्त्वाची. वजन करा, उतरा, आणि लगेच पाव लिटर पाण्याने भरलेला पेला हातात धरून पुन्हा चढा. आकडा दशांशासकट तोच आला, तर काटा नवं मोजतच नाही, आधीचा आकडा लक्षात ठेवून तोच परत दाखवतोय. एकसारखे आकडे दिसले की ग्राहकाला काटा अचूक वाटतो, म्हणून काही बनवणारे ही सोय मुद्दाम घालतात. पण ज्याला आठवड्याचे १७० ग्रॅम शोधायचे आहेत, त्याचं वजन हा काटाच अडवून ठेवतो. मध्ये वेगळ्या वजनाची एखादी वस्तू, तीच बादली, काट्यावर ठेवून काढली की ही आठवण पुसली जाते. रोज बादली उचलायची तयारी नसेल तर असा काटा परत केलेलाच बरा.